प्रमाणशीरतेचे तत्त्व (भारतीय कायदा)

प्रमाणशीरतेचे तत्त्व हे शासनाच्या अधिकारांना मर्यादा घालणारे एक घटनात्मक व प्रशासकीय तत्त्व आहे. नागरिकांच्या अधिकारांवर निर्बंध घालताना शासनाने योजलेला उपाय हा साधावयाच्या हेतूच्या मानाने अधिक कठोर असू नये, असे हे तत्त्व सांगते. शासनाला अधिकार आहे की नाही, एवढ्याच प्रश्नावर ते थांबत नाही. असलेला अधिकार किती, कोठे, किती काळ आणि कोणावर वापरला, याचीही विचारणा करते. भारताच्या संविधानात हा शब्द कोठेही आलेला नाही. तथापि अनुच्छेद १४, १९ आणि २१ यांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले आहे.

जमावबंदी, संचारबंदी, इंटरनेटबंदी, तडीपारी, बांधकामे पाडणे अशा कारवायांची वैधता तपासताना या तत्त्वाचा आधार घेतला जातो. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांचा या तत्त्वाशी संबंध अनेक अंगांनी येतो. भारतातील त्याच्या पहिल्या महत्त्वाच्या निकालात रद्द झालेला कायदा मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या विधिमंडळाने केलेला होता. तडीपारीविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा एक प्रमुख निकाल अमरावतीच्या प्रकरणात झाला. आणि अलीकडच्या काळात या तत्त्वावरील अनेक निकालांत सहभागी असलेले भारताचे माजी सरन्यायाधीश भूषण गवई हे मूळचे अमरावतीचे आहेत.

संज्ञा

इंग्रजीतील ‘प्रपोर्शनॅलिटी’ या संज्ञेसाठी मराठीत प्रमाणशीरता, प्रमाणबद्धता, समानुपातिकता असे पर्याय वापरले जातात. ‘प्रमाणबद्ध’ हे विशेषण मराठीत मुख्यतः शिल्प, चित्र किंवा शरीराची ठेवण यांना लावले जाते, तर ‘समानुपातिक’ हा शब्द गणिताकडे झुकतो. कायद्यातील ही कल्पना मात्र मोजमापाची नसून तारतम्याची आहे. दंड अपराधाच्या मानाने, बंदी धोक्याच्या मानाने आणि अटी प्रयोजनाच्या मानाने असाव्यात, हा तिचा गाभा होय. या लेखात त्यामुळे ‘प्रमाणशीरता’ हा शब्द वापरला आहे.

कसोटीचे टप्पे

न्यायालये ही कसोटी साधारणपणे क्रमवार टप्प्यांनी लावतात. एका टप्प्यावर उपाय नापास झाल्यास पुढच्या टप्प्याची गरज उरत नाही.

१. कायद्याचा आधार : निर्बंधाला विधिमान्य कायद्याचा पाया हवा. अधिकाऱ्याची इच्छा किंवा तोंडी सूचना पुरेशी नाही.

२. वैध हेतू : सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, सुरक्षा यांसारखा संविधानाला मान्य असलेला हेतू असला पाहिजे. टीकाकाराला गप्प करणे हा असा हेतू ठरत नाही.

३. सुसंगती : योजलेला उपाय त्या हेतूकडे नेणारा असावा. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ या म्हणीतला दोष तो हाच. शिक्षा होते, पण तिचा गुन्ह्याशी संबंध नसतो.

४. आवश्यकता : तोच हेतू तितक्याच परिणामकारकपणे साधणारा, पण अधिकारांना कमी धक्का लावणारा दुसरा उपाय उपलब्ध नसावा. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ अशी स्थिती शासनाने टाळता येण्याजोगी असतानाही टाळली नाही, तर उपाय या टप्प्यावर नापास होतो.

५. तोल : वरील सर्व अटी पूर्ण झाल्या तरी समाजाला होणारा लाभ आणि व्यक्तीला सोसावी लागणारी हानी यांत मेळ असला पाहिजे. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरता कामा नये.

यांखेरीज अधिकाराच्या गैरवापराविरुद्ध प्रक्रियेतील संरक्षणे असावीत, अशी अपेक्षाही न्यायालयांनी व्यक्त केली आहे. नोटीस, बाजू मांडण्याची संधी, कारणांसह लेखी आदेश, अपील आणि ठरावीक काळाने फेरआढावा ही त्यांची उदाहरणे होत.

व्यवहारात चौथा टप्पा निर्णायक ठरतो. हेतू चांगला असल्याचे शासनाला बहुधा सहज दाखवता येते. सौम्य उपाय का पुरला नसता, हे सांगणे त्या मानाने कठीण असते.

उगम

या तत्त्वाचा आधुनिक इतिहास एकोणिसाव्या शतकातील प्रशियाच्या पोलीस कायद्यापासून सांगितला जातो. बर्लिनमधील क्रॉयत्सबेर्ग टेकडीवर एक विजयस्मारक होते. त्याचे दृश्य झाकले जाऊ नये म्हणून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर पोलिसांनी मर्यादा घातली होती. पोलिसांचे अधिकार धोका टाळण्यासाठी आहेत, सौंदर्यरक्षणासाठी नाहीत, असा निकाल १८८२ मध्ये प्रशियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने दिला. पुढे स्विस विधिज्ञ फ्रिट्स फ्लाइनर यांनी चिमण्या मारण्यासाठी पोलिसांनी तोफा वापरू नयेत, या आशयाचे वाक्य लिहिले आणि ते या तत्त्वाचे बोधवाक्यच बनले. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने औषधी दुकानांच्या परवान्यांविषयीच्या १९५८ च्या निकालात व्यवसायस्वातंत्र्याच्या संदर्भात या कसोटीचा विकास केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या ओक्स प्रकरणात तिला टप्प्याटप्प्यांचे स्पष्ट रूप दिले.

इंग्लंडमध्ये दीर्घकाळ वेगळी कसोटी प्रचलित होती. १९४७ च्या वेन्सबरी प्रकरणानुसार कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतका अविवेकी निर्णय असेल, तरच न्यायालय हस्तक्षेप करी. ही कसोटी शासनाला पुष्कळ मोकळीक देते. प्रमाणशीरतेची कसोटी तिच्यापेक्षा काटेकोर आहे, कारण तिच्यात निर्णय ‘अगदीच अविवेकी’ नसला तरी ‘गरजेपेक्षा अधिक’ असू शकतो.

भारतातील विकास

विडी कामगारांचे प्रकरण (१९५०)

मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांताच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये शेतीच्या प्रयोजनार्थ विडी उत्पादनाचे नियमन करणारा एक अधिनियम केला. शेतीच्या हंगामात मजूर विड्या वळण्याच्या कामाकडे जात असल्याने शेतीला माणसे मिळत नाहीत, ही अडचण दूर करणे हा त्याचा हेतू होता. शेतीचा हंगाम कोणता आणि बंदी कोणत्या गावांना लागू, हे ठरवण्याचा अधिकार डेप्युटी कमिशनरला देण्यात आला. त्या गावांत राहणाऱ्या कोणीही हंगामात विड्या वळू नयेत आणि कारखानदाराने त्यांना कामास ठेवू नये, असा हा निर्बंध होता. सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरने जून १९५० मध्ये असा आदेश काढल्यावर एक कारखानदार आणि एक कामगार यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हे प्रकरण चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने ओळखले जाते.

८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने या तरतुदी रद्द केल्या. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी लिहिलेल्या निकालात शेतीला मजूर मिळावेत हा हेतू चुकीचा ठरवलेला नाही. दोष सापडला तो बंदीच्या व्याप्तीत. गावात राहणारे सर्वच जण शेतमजूर नव्हते. शेतात राबू न शकणारे वृद्ध, अपंग, स्त्रिया, मुले यांनाही घरबसल्या विड्या वळून चार पैसे मिळत. त्यांची कमाई बंद करून शेतीला एकही मजूर अधिक मिळणार नव्हता. हंगामात केवळ शेतमजुरांना विडीच्या कामावर ठेवण्यास मनाई करून किंवा कामाचे तास नियमित करून तोच हेतू साधता आला असता, असे न्यायालयाने दाखवून दिले. ‘वाजवी निर्बंध’ या शब्दांत मनमानी आणि गरजेपेक्षा अधिक कठोरता यांना जागा नाही, असे सूत्र या निकालातून निघाले. प्रमाणशीरता हा शब्द न वापरताही सुसंगती आणि आवश्यकता या दोन्ही टप्प्यांचा विचार येथे झालेला दिसतो. त्या काळी अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे वऱ्हाडातील जिल्हे मध्य प्रदेशातच होते आणि राज्याची राजधानी नागपूर होती.

नंतरचे निकाल

१९५२ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो या प्रकरणात सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी वाजवीपणा तपासताना विचारात घ्यावयाच्या बाबी सांगितल्या : बाधित अधिकाराचे स्वरूप, निर्बंधामागचा हेतू, ज्या अनिष्टाचा बंदोबस्त करावयाचा त्याची व्याप्ती व तातडी, आणि निर्बंधाचा विषम भार. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात जेवण घेण्याचा आदेश न पाळल्याबद्दल एका सैनिकाला कारावास आणि बडतर्फी अशी शिक्षा झाली होती. अपराधाच्या मानाने ती धक्कादायक ठरते, असे सांगून न्यायालयाने शिक्षेच्या संदर्भात प्रमाणशीरतेचा स्पष्ट उल्लेख केला. २००० च्या ओमकुमार प्रकरणात १९५० पासून भारतीय न्यायालये कायद्यांची तपासणी करताना ही कसोटी लावतच आली आहेत, असे न्यायालयाने नमूद केले.

२०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज प्रकरणात घटनापीठाने चार टप्प्यांची कसोटी स्वीकारली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरवला आणि त्यावरील निर्बंधांसाठी हीच कसोटी सांगितली. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात बहुमताने योजना वैध ठरली. परंतु प्रत्येक बँक खाते आधारशी जोडण्याची सक्ती प्रमाणशीर नसल्याने रद्द झाली. एकाच योजनेचा काही भाग टिकतो आणि काही भाग पडतो, हे या कसोटीचे वैशिष्ट्य या निकालात दिसून येते.

वऱ्हाडातील संचारबंदी आणि इंटरनेटबंदी

२०२१ ते २०२३ या काळात अमरावती आणि अकोल्यात व्यापक स्वरूपाचे निर्बंध अनेकदा लागू झाले. कोविड साथीच्या काळात, २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती शहर आणि अचलपूर येथे आठवडाभराची टाळेबंदी लागू करण्यात आली व नंतर ती वाढवण्यात आली. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ १२ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावतीत निघालेल्या मोर्चाच्या वेळी आणि दुसऱ्या दिवशीच्या बंदच्या वेळी दगडफेक, तोडफोड व जाळपोळ झाली. शहरात संचारबंदी लागू झाली आणि इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. १७ एप्रिल २०२२ रोजी अचलपूर येथे झेंड्यावरून झालेल्या वादानंतर अचलपूर–परतवाडा भागात संचारबंदी लागली. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुने शहर भागात समाजमाध्यमावरील मजकुरावरून हिंसाचार उसळला. त्यात एकाचा मृत्यू झाला, काही जण जखमी झाले. शहरात जमावबंदी लागू होऊन इंटरनेट बंद करण्यात आले.

यांतील प्रत्येक प्रसंगी सार्वजनिक सुव्यवस्था किंवा आरोग्य हा वैध हेतू होता आणि धोका काल्पनिक नव्हता. कसोटीचा खरा उपयोग त्यानंतरच्या प्रश्नांसाठी होतो. दंगल काही वस्त्यांपुरती असताना बंदी संपूर्ण शहराला का? अफवा मोबाइलवरील संदेशांतून पसरत असतील, तर रुग्णालये, बँका आणि कार्यालये यांच्या जोडण्या सुरू ठेवणे शक्य होते का? तीन दिवसांची बंदी वाढवताना पहिल्या तीन दिवसांत परिस्थिती कशी बदलली, याचा विचार झाला का? संचारबंदीत दूध, औषधे आणि भाजीपाला यांसाठी कोणत्या वेळा मोकळ्या ठेवल्या? इंटरनेट बंद झाले की ऑनलाइन पैसे घेणारा हातगाडीवाला, परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी आणि बाजार समितीतील कापूस–सोयाबीनचे भाव पाहणारा शेतकरी हे सारे एकाच वेळी थांबतात. दंगलीत त्यांचा काही हात नसतो. आवश्यकतेचा टप्पा या माणसांच्या वतीने प्रश्न विचारतो.

अशा आदेशांचे नियम १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेल्या निर्बंधांचे हे प्रकरण होते. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे. इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येत नाही. बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे बाधित व्यक्तीला त्यांना आव्हान देता येईल. जमावबंदीच्या आदेशात वस्तुस्थिती नमूद असावी आणि सर्वांत कमी जाचक उपाय निवडावा, असे न्यायालयाने सांगितले. मतभिन्नता किंवा वैध अभिव्यक्ती दडपण्यासाठी जमावबंदीचे कलम वापरता येणार नाही, हेही त्यात बजावले आहे. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, फेब्रुवारी २०२० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातील एका प्रकरणात शांततापूर्ण धरण्याला आडकाठी करणारे आदेश रद्द केले.

आदेश कोण काढतो यालाही महत्त्व आहे. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने प्रतिबंधक आदेशांचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. अकोल्यात ते जिल्हा दंडाधिकारी व त्यांचे दुय्यम दंडाधिकारी वापरतात. इंटरनेटबंदीचा अधिकार मात्र नियमांनुसार राज्याच्या गृहसचिवांच्या स्तरावरचा आहे आणि तिची तपासणी फेरआढावा समितीने करावयाची असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. २०१७ च्या दूरसंचार सेवा निलंबन नियमांच्या जागी नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. कलमांचे क्रमांक बदलले, तरी आदेश लेखी व सकारण असण्याची अट कायम आहे.

तडीपारी आणि अमरावतीचे प्रकरण

संचारबंदीचा भार सर्वांवर विभागून पडतो. तडीपारीचा भार एकट्यावर पडतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ अन्वये एखाद्या व्यक्तीच्या हालचालींमुळे भीती, धोका किंवा इजा होत असल्यास, अथवा ती बळाचा वापर असलेले किंवा विशिष्ट स्वरूपाचे गुन्हे करीत असून साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येण्यास तयार नसल्यास तिला ठरावीक क्षेत्राबाहेर जाण्यास सांगता येते. यासाठी गुन्हा सिद्ध होण्याची गरज नसते. कलम ५८ नुसार कमाल मुदत दोन वर्षे आहे. कलम ५९ नुसार आदेशापूर्वी आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि कलम ६० नुसार राज्य शासनाकडे अपील करता येते.

रहमत खान विरुद्ध पोलीस उपायुक्त हे प्रकरण अमरावतीचे आहे. पत्रकार म्हणून काम करणाऱ्या अपीलकर्त्याने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून काही शिक्षणसंस्थांना मिळालेल्या शासकीय अनुदानाच्या वापराची माहिती मागितली आणि गैरवापराच्या तक्रारी केल्या. पुढे त्याच्याविरुद्ध गुन्हे नोंदले गेले आणि त्याला अमरावती शहर व अमरावती ग्रामीण क्षेत्रातून एक वर्षासाठी तडीपार करण्याचा आदेश निघाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची याचिका फेटाळल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायमूर्ती इंदिरा बॅनर्जी आणि न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने तडीपारीचा आदेश रद्द केला. तडीपारी हा टोकाचा उपाय असून परिसरातील कायदा व सुव्यवस्था राखण्यासाठी किंवा शांतताभंग टाळण्यासाठी अपवादात्मक परिस्थितीतच तो योजावा, असे न्यायालयाने म्हटले. अपीलकर्त्याने केलेल्या तक्रारी आणि त्याच्याविरुद्ध झालेल्या तक्रारी यांचा संबंधही न्यायालयाने विचारात घेतला.

या निकालात कसोटीचे दोन टप्पे एकत्र येतात. अनुदानाचा हिशेब मागणाऱ्याला शहराबाहेर पाठवणे हा सुव्यवस्थेचा हेतू ठरू शकत नाही, म्हणून दुसरा टप्पा ओलांडला जात नाही. गुन्हे खरे मानले तरी त्यांसाठी तपास, खटला, जामिनाच्या अटी, शांतता राखण्याचे बंधपत्र असे सौम्य मार्ग कायद्यात आहेत. ते का पुरेसे नव्हते, याचे उत्तर नसेल तर चौथा टप्पाही ओलांडला जात नाही.

पाच महिन्यांनी, २८ जानेवारी २०२२ रोजी, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने जालना जिल्ह्यातील दीपक डोंगरे प्रकरणात हा विचार आणखी पुढे नेला. तडीपार व्यक्तीला स्वतःच्या घरात कुटुंबासह राहता येत नाही आणि तिचे उपजीविकेचे साधनही तुटू शकते, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. कमाल मुदतीचा, म्हणजे दोन वर्षांचा, आदेश काढताना तेवढाच काळ का आवश्यक आहे याची कारणे न नोंदवल्यास तो वाजवी निर्बंध ठरत नाही, असा निर्णय झाला. कायद्याने घातलेली मर्यादा ही कमाल आहे. प्रत्येक प्रकरणी ती गाठण्याची मुभा नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

भूषण गवई आणि प्रमाणशीरतेचे निकाल

२४ नोव्हेंबर १९६० रोजी अमरावती येथे जन्मलेले भूषण रामकृष्ण गवई हे १४ मे २०२५ ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. अनुराधा भसीन प्रकरणातील तीन सदस्यांच्या पीठात न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा व न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्यासह ते होते. २ जानेवारी २०२३ रोजी नोटाबंदीच्या प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला. ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द करण्याचा निर्णय प्रमाणशीरतेच्या कसोटीवर टिकतो, असे त्यात म्हटले आहे. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी निर्णयाची प्रक्रिया कायद्याला धरून नव्हती, असे भिन्न मत नोंदवले.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने आरोपींची घरे पाडण्याच्या कारवाईबाबत देशभर लागू होणारे निर्देश दिले. पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. बांधकामाचा काही भाग पाडून किंवा ते नियमित करून भागत असेल, तर पाडण्याचा टोकाचा मार्गच का उरतो याची कारणे अंतिम आदेशात लिहावीत. निर्देशांचा भंग झाल्यास अधिकारी व्यक्तिशः जबाबदार ठरतील, असे त्यात सांगितले. घर एका आरोपीचे नसते, त्यात कुटुंबही राहते, हा विचार या निकालाच्या मुळाशी आहे. सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा जलाशय यांवरील अतिक्रमणांना हे निर्देश लागू नाहीत. मार्च २०२५ मध्ये नागपुरातील हिंसाचारानंतर सुरू झालेल्या पाडकामाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. त्यापूर्वी एक घर पाडले गेले होते.

नोटाबंदी आणि पाडकाम या दोन निकालांची तुलना उद्‍बोधक आहे. राष्ट्रीय आर्थिक धोरणाच्या प्रश्नात न्यायालयाने शासनाच्या निवडीला मोठी मोकळीक दिली, तर एका घराच्या प्रश्नात अधिकाऱ्याकडून लेखी स्पष्टीकरण मागितले. कसोटीचे शब्द तेच असले, तरी विषयानुसार तिची धार कमी–अधिक होते.

मर्यादा व टीका

या तत्त्वावर दोन विरुद्ध बाजूंनी टीका होते. ते न्यायाधीशांना धोरणकर्त्यांच्या जागी बसवते, हा पहिला आक्षेप. दंगलीच्या रात्री पोलीस आयुक्ताला काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. घटनेनंतर शांतपणे विचार करणाऱ्या न्यायालयाला सौम्य पर्याय सुचवणे सोपे असते. प्राण वाचवण्यासाठी घेतलेल्या खबरदारीला नंतर ‘अति’ म्हणणे योग्य नाही, असे या मताचे लोक मानतात. दंगलीत दुकान जळालेल्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने या युक्तिवादात तथ्य आहे. नागरिकाचे रक्षण न करणारे शासनही त्याच्या अधिकारांचा भंगच करत असते.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. भारतीय न्यायालये कसोटीचे टप्पे सांगतात, परंतु शासनाकडून पुरावा मागताना हात आखडता घेतात, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. अनुराधा भसीन निकालात तत्त्वे मांडली गेली, पण न्यायालयाने निर्बंध स्वतः रद्द केले नाहीत. फेरआढाव्याचे निर्देश दिले. आधार प्रकरणात पर्यायी उपायांचा पुरेसा विचार झाला नाही, अशीही टीका झाली.

तिसरी अडचण काळाची आहे. संचारबंदी चार दिवसांची, तडीपारी एक–दोन वर्षांची आणि न्यायालयीन प्रक्रिया अनेकदा त्याहून लांब असते. निकाल लागेपर्यंत बंदी उठलेली असते किंवा तडीपारीची मुदत संपलेली असते. अशा वेळी मिळालेला न्याय पुढच्या प्रकरणांना मार्गदर्शक ठरतो, पण गेलेले दिवस परत देत नाही.

महत्त्व

काळाच्या या अडचणीमुळे प्रमाणशीरतेची तपासणी न्यायालयात सुरू होण्याआधी आदेश लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर होणे आवश्यक ठरते. कारणांची नोंद ही त्या तपासणीची खूण आहे. कोणता धोका, कोणत्या भागात, किती काळ, आणि सौम्य उपाय का पुरणार नाही, या चार बाबी लिहिताना अधिकाऱ्याला त्यांचा विचार करावा लागतो. त्या लिहिलेल्या असतील तर नागरिकाला त्यांना आव्हान देता येते आणि न्यायालयाला त्या तपासता येतात. छापील नमुन्यात केवळ नाव आणि तारीख बदलून काढलेला आदेश या कसोटीवर टिकणे कठीण असते, मग त्यामागची काळजी खरी असली तरी.

१९५० मध्ये विडी कामगारांच्या प्रकरणात न्यायालयाने शेतीची गरज नाकारली नव्हती आणि २०२१ मध्ये अमरावतीच्या प्रकरणात सुव्यवस्थेची गरज नाकारली नाही. दोन्ही वेळी उपायाचा आवाका गरजेपलीकडे गेलेला आढळला. सत्तर वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांत या तत्त्वाचे सातत्य दिसते : हेतू चांगला असणे ही शासनाच्या कृतीची पहिली अट आहे, शेवटची नाही.